शिरोड्याचं मीठ, ओझरची द्राक्षं

नाशिक सोडून मुंबई-आग्रा रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर ओझर लागतं. गावाचं नाव सांगितलं की लोक हात जोडतात, "विघ्नहराचं ना?" ते ओझर पुणे जिल्ह्यातलं. आमचं निफाड तालुक्यातलं, बाणगंगेच्या काठचं, चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरते ते. १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना इथे आला. यशवंतराव चव्हाण तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचे खासदारही. तेव्हापासून ओझरची दोन ओझरं झाली. एक टाऊनशिपचं, जिथे पंजाबी, मल्याळी, बंगाली बायका एकाच भाजीवाल्याशी आपापल्या हिंदीत घासाघीस करायच्या. दुसरं आमचं, जिथे अंगणातल्या फरशीवरचे मोरचुदाचे निळे डाग कितीही घासले तरी जायचे नाहीत.

ज्यांचं ऋण मला आज मांडायचं आहे, ते पहिल्या ओझरात नोकरी करायचे आणि दुसऱ्यात राहायचे.

काका आमचे भाडेकरू. मूळचे वेंगुर्ला तालुक्यातल्या शिरोड्याचे. त्यांचे वडील तिथल्या मिठागरावर कामाला होते. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या गोष्टी त्यांनी घरातल्या थोरांकडून ऐकलेल्या. रसायनशास्त्रात बीएस्सी करून ते एचएएलमध्ये प्लेटिंगच्या कामावर लागले. क्वार्टर मिळण्यासारखं होतं, पण काकूंना अळू आणि केळी लावायला अंगण हवं होतं, म्हणून आमच्या मळ्यातल्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या आणि पुढे सोडल्याच नाहीत. आमच्याशी ते आपल्यासारखंच मराठी बोलायचे. खूश झाले किंवा वैतागले की मात्र मालवणी सुरू. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, "कळला मा?"

कारखान्याबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत. आम्हा मुलांना विमानांचं केवढं अप्रूप! चाचणीसाठी उडालेलं मिग डोक्यावरून गेलं की शाळेत सर शिकवताना थांबत, आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करत. त्या विमानाला हात लावणारा माणूस आपल्या ओटीवर चहा पितोय, आणि सांगत काहीच नाही! मी खोदून विचारलं की म्हणायचे, "आत काय चलता तां इचारू नको. अॅल्युमिनियम काय करता तां इचार."

ते विचारायचं असतं हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या घरात प्रश्न विचारले जायचे ते छाटणीचे, भावाचे आणि पाण्याचे.

मी अकरावी सायन्सला गेले ते १९९१ साल. रासायनिक बंधाचा धडा आला. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन, त्यांची मांडणी दोन, आठ, एक. क्लोरीनमध्ये १७, मांडणी दोन, आठ, सात. सोडियम बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचं अष्टक पूर्ण होतं, एक धन आयन होतो, दुसरा ऋण, विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात आणि मीठ तयार होतं. मी ओटीवर येरझारा घालत हे घोकत होते. काका दुसऱ्या पाळीला निघाले होते. सायकलचं स्टँड काढता काढता थांबले.

"सोडियम देता? कित्याक?"

"अष्टक पूर्ण व्हायला."

"त्याका कोणी सांगल्यान, आठ झाले की बरा होता म्हणान?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी माझी वही घेतली, पाठीमागच्या पानावर ४९६ आकडा लिहिला आणि समजावून सांगितलं. सोडियमच्या वायुरूप अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायचा तर एका मोलमागे, म्हणजे २३ ग्रॅम सोडियममागे, ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते. सोडियम काही देत नाही. त्याच्याकडून ओढून काढावं लागतं. तेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंना मिळाले की ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. वजाबाकी कर. १४७ चा तोटा. शिवाय सोडियम हा घट्ट धातू, त्याचे सुटे अणू करायला आधी १०७ मोजावे लागतात. क्लोरीनचे अणू जोडीने फिरतात, त्या जोड्या फोडायला आणखी १२२. सगळं मिळून ३७६ चा खड्डा.

"तोट्याचो धंदो," काका म्हणाले. "तरी मीठ होता. कसा, तां सांग." आणि सायकलवर टांग मारून गेले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, पलीकडे औषधाच्या पंपाचा नोझल साफ करत बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. "दरसाल तोटा आणि तरी चालू? मग ती द्राक्षबागच आसंल," एवढंच म्हणाले.

तो प्रश्न मी किती दिवस डोक्यात घेऊन फिरले ते आता आठवत नाही, पण बरेच दिवस. नाशिकला जाणाऱ्या एसटीत उभ्याने, बागेत घड विरळायला बसले असताना, ३७६ हा आकडा समोर यायचा. पुस्तकात 'देतो' आणि 'घेतो' असं इतक्या सहज लिहिलं होतं की त्यात काही खर्च असेल अशी शंका येऊ नये. काका विचारायचे नाहीत, "सापडलं का?" हा त्यांचा स्वभावच होता. प्रश्न ठेवून जायचं आणि मागे वळून पाहायचं नाही.

उत्तर आलं ते फेब्रुवारीत, काढणी चालू असताना. सुट्टीवर शिरोड्याला गेले होते तिथून काका खडेमीठ घेऊन आले. त्यांनी एक चांगला मोठा खडा निवडला, भिंग माझ्या हातात दिलं आणि उन्हात धरायला सांगितला. साखरेच्या दाण्यासारखा कसातरी नव्हता तो. चौकोनी होता. त्याच्या अंगावर आणखी बारीक चौकोनी पायऱ्या, प्रत्येक कोपरा काटकोनात. काकांनी त्याला अडकित्त्याची धार लावून वरून हलकासा दणका दिला. खड्याचा चुरा झाला नाही. दोन तुकडे झाले, दोन्हींची फुटलेली बाजू आरशासारखी सपाट.

"असो सरळ कसो फुटलो?"

मग त्यांनी आईकडून ताटलीभर मणी मागून घेतले. घडात मागे राहिलेले वाटाण्याएवढे मणी सोडियमला, आणि चांगले फुगलेले थॉमसन जातीचे मणी क्लोराइडला. ही निवडही उगीच नव्हती. इलेक्ट्रॉन गेला की सोडियम आक्रसून जवळजवळ निम्मा होतो, आणि तो मिळाला की क्लोरीन फुगून दुपटीच्या घरात जातो. केरसुणीच्या हिरांचे तुकडे करून आम्ही ते मणी जोडत गेलो. लहानाशेजारी मोठा, मोठ्याशेजारी लहान. डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली. तीन बाय तीन बाय तीन. सत्तावीस मण्यांचा हिरवा घन ताटलीत उभा राहिला, आणि आईने लगेच बजावलं की नंतर तो धुऊन खायचा.

मधोमध लहान मणी होता, सोडियम. काका म्हणाले, "ह्याचो क्लोराइड खंयचो?"

मी पाहिलं. सहा बाजूंना सहा मोठे मणी, सगळे सारख्याच अंतरावर. मी एकावर बोट ठेवलं. "तोच कित्याक? हो कित्याक नाय?" मी दुसऱ्यावर ठेवलं. पुन्हा तोच प्रश्न. कुठल्याही एकावर बोट ठेवायला कारण सापडेना.

"नायच आसा," काका म्हणाले. "मिठात जोडी नसता. कळला मा?"

मला घोकलेलं सगळं आठवलं. एक सोडियम, एक क्लोरीन, मधे बाण. खऱ्या मिठात हा सोडियम कुणा एकाचा नव्हताच. त्याला सहा जणांनी धरलेलं, त्यातल्या प्रत्येकाला पुन्हा सहा जणांनी, आणि असं खड्याच्या कडेपर्यंत. मिठाचा रेणू म्हणून वेगळा काढून दाखवता येईल असं त्या खड्यात काही नसतं. सरळ फुटण्याचं कारणही त्यातच होतं. दणक्याने एक थर एका घराएवढा सरकला की सारख्या प्रभाराचे आयन समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा त्याच रेषेत दुभंगतो.

मिठाची ही आतली मांडणी क्ष-किरणांनी उलगडली ती १९१३ मध्ये, ब्रॅग पितापुत्रांनी. पुढे १९१५ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. काकांना या गोष्टीतला आवडता भाग म्हणजे हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे इंग्लंडमधले बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आणि रेणूचा पत्ता नाही, हे त्यांना इतकं झोंबलं की चौदा वर्षांनी, १९२७ मध्ये, 'नेचर'मध्ये त्यांनी बिचाऱ्या मिठाची बाजू घेऊन जळजळीत पत्र लिहिलं. "ऐंशीक पोचल्लो माणूस," काका कौतुकाने म्हणायचे, "मिठासाठी भांडता!" सत्याग्रहाच्या गावच्या माणसाला ते भावणारच.

पण ३७६ चा खड्डा अजून भरायचा होता.

मधल्या सोडियमला सहा क्लोराइड ओढतात. त्यांच्या पलीकडे, कडांच्या मध्यावर, बारा सोडियम आहेत, ते ढकलतात. कोपऱ्यांवर आठ क्लोराइड आहेत. ते पुन्हा ओढतात. लांबच्याचा जोर अंतराच्या हिशेबात कमी. काकांनी मला ही बेरीज करायला लावली. सहा, उणे बारा भागिले दोनचं वर्गमूळ, अधिक आठ भागिले तीनचं वर्गमूळ, असं पुढे. लॉगची कोष्टकं घेऊन मी बसले. उत्तर आधी सहा, मग उणे अडीच, मग दोनच्या थोडं वर, मग पुन्हा शून्याखाली, मग एकदम दहाच्या जवळ. जितकं पुढे जावं तितकं ते जास्तच उधळत होतं.

तेव्हा काकांनी दाढीचं ब्लेड आणलं. बाहेरचे मणी एकट्या या घनाचे नाहीत, शेजारच्या घनांशी वाटून घेतलेले आहेत, म्हणाले. पृष्ठभागाच्या मध्यावरचा मणी दोन घनांचा, म्हणून त्यांनी त्याचा अर्धा कापून टाकला. कडेवरचा चार घनांचा. त्याचा चतकोर ठेवला. कोपऱ्यावरचा आठांचा, त्याचा आठवा भाग. सगळीकडे रस. उरलं ते मोजलं तर चार सोडियम आणि चार क्लोराइड, प्रभाराचा हिशेब शून्य. आता याच वाट्यांनी बेरीज कर. केली. १.४६ आलं. एक थर आणखी मोठा घन धरून केली. १.७५. आता आकडा जागेवर बसला. सारख्या अंतरावरच्या एकट्या जोडीपेक्षा खड्यातल्या आयनांची पकड पावणेदोनपट. एर्विन माडेलुंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये काढलेला स्थिरांक, ओझरच्या ओटीवर, थॉमसनच्या फोडींतून.

सुटे आयन असे गोळा होऊन एक मोल मीठ बनलं की ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. त्यातून ३७६ वजा केले. उरले ४११. मिठाचा नफा एवढा. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो ही कल्पना वाल्थर कॉसेल यांनी १९१६ मध्ये मांडली, आणि हा सगळा जमाखर्च माक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये. ही नावं मला कॉलेजात पुढे भेटली. तेव्हा भेटले ते काका, चिकट हात पंच्याला पुसत म्हणालेले, "नुसता देवन बंध होणा नाय गो. दिल्यार बाजूक रवाक लागता."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहिते आहे. देणं हा व्यवहार तोट्याचाच. ४९६ जातात आणि ३४९ येतात, यात फेरफार होत नाही. तोटा भरून निघतो तो देऊन झाल्यावर जवळ येण्याने. दोनच आयन जवळ आले तरी तो निघतो. मिठाच्या वाफेत अशा एकेकट्या जोड्या सापडतात. पण चहूबाजूंनी सगळे जमले की पकड आणखी घट्ट होते, इतकी की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं.

अप्पांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना ते आमच्यापेक्षा लवकर पटलं. त्याच सुमाराला ओझरात बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणी वापर संस्था उभ्या राहत होत्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. ओझरची शेतं वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला. वरच्यांचं भागल्यावर आमच्यापर्यंत पाणी यायचं म्हणजे यायचं नाहीच. संस्थांनी पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून, घनमापाने विकत घ्यायचं आणि सभासदांना वाटायचं असं ठरवलं. अप्पा म्हणाले, "आमच्या पाणीसंस्थेचं हेच. पैसे भरताना प्रत्येकाला वाटलं, बुडाले. एकट्याने भरले असते तर बुडालेच असते. सगळ्यांनी भरले, सगळे पाटावर उभे राहिले, तेव्हा टेलला पाणी दिसलं." काका इतके खूश झाले की त्यांनी अप्पांना बीएस्सीची डिग्री तिथल्या तिथे देऊन टाकली. पुढे २००३ मध्ये वाघाडचं सगळं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि लांबून लांबून लोक ते पाहायला आमच्याकडे येऊ लागले.

काकांनी मला बागेतही शिकवलं, किंबहुना तिथे जास्त. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाचं भय असतं. ढगाळ हवा आली की अप्पा बोर्डो करायला घ्यायचे. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र. हे फ्रान्समधलं, बोर्दोच्या द्राक्षबागांतलं औषध; मियार्दे यांनी १८८५ मध्ये जगापुढे आणलेलं. फवारणीआधी अप्पा त्यात विळा बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर धरला की म्हणायचे, चुना कमी पडला, आणखी घाला. त्यांच्या वडिलांनीही हेच केलेलं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी विळा माझ्या हातात दिला. मोरचूद म्हणजे तांब्याचे धन आयन आणि सल्फेटचे ऋण आयन. पाण्यात ते सुटे होतात, प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा पडतो, तो निळा रंग त्या गराड्यातल्या तांब्याचा. सुटे झाले म्हणून तांब्याला त्याचे इलेक्ट्रॉन परत मिळत नाहीत. तो दोन इलेक्ट्रॉन कमी असलेलाच फिरत राहतो. समोर लोखंड आलं की त्याच्याकडून दोन घेतो आणि पात्यावर तांबं होऊन बसतो. तेवढं लोखंड पाण्यात जातं. चुना पुरेसा असेल तर तांबं आधीच त्याच्याशी बांधलं जातं, विळा स्वच्छ राहतो, आणि फवारलेलं पान करपत नाही. मग पानावर बसलेल्या थरातून तांबं थोडं थोडं सुटत राहतं आणि बुरशीचे बीजाणू रुजू देत नाही.

त्यानंतर मी मोरचुदाचा एक खडा पळीत तापवून पाहिला. निळ्या खड्याची पांढरी भुकटी झाली. त्यावर पाण्याचा थेंब टाकला, चर्र झालं आणि निळा परत आला. आई म्हणाली, ती पळी आता बागेतच ठेव.

बारावी झाली त्या वर्षी काढणीच्या तोंडावर बेमोसमी पाऊस झाला. मणी तडकले, घड कुजले, व्यापारी फिरकला नाही. घरात ठरत आलं होतं की मी जवळच कुठेतरी डीएड करावं. वाईट विचार नव्हता तो, खर्चाचा होता. बीएस्सीची फी, नाशिकचा पास, पुस्तकं, प्रयोगशाळेचं साहित्य. काका त्या संध्याकाळी अप्पांकडे आले आणि म्हणाले, "पाटील, मला पुढच्या वर्षाचं भाडं आत्ताच देऊन टाकायचंय. पैसे घरात राहिले की खर्च होतात."

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं. काकांचे पैसे घरात राहिल्याने कधी खर्च झाले नव्हते, हे आख्ख्या आळीला ठाऊक होतं. त्याच वर्षी त्यांना टाऊनशिपमध्ये चांगलं क्वार्टर मिळत होतं, तेही त्यांनी नाकारलं. भाडं आगाऊ दिलंय तर राहायला नको का, म्हणाले. वर आपलं बीएस्सीचं जुनं अकार्बनी रसायनाचं पुस्तक मला दिलं, खाकी कागदाचं कव्हर घालून. त्यात जागोजागी पेन्सिलीने केलेल्या वजाबाक्या होत्या.

त्यांनी मला अॅल्युमिनियमबद्दलही शिकवलं, कारखान्याचं नाव न घेता. हा धातू हवेत क्षणभरही उघडा राहत नाही. तीन इलेक्ट्रॉन सोडतो, ऑक्सिजन दोन दोन घेतो, आणि धातूच्या अंगावर ऑक्साइडची पारदर्शक त्वचा येते. त्यातही फुकट काही नसतं. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन सुखाने घेता येतो, दुसरा घेताना उलट ऊर्जा मोजावी लागते, कारण ऋण आयन नव्या इलेक्ट्रॉनला ढकलतोच. तरीही जाळीतली पकड इतकी जबर की सगळं वसूल होतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याची ही साय २,००० अंशांच्या वर. अॅसिडच्या टाकीत वस्तू धन टोकाला जोडून वीज सोडली की ती साय हवी तेवढी जाड करता येते; त्यालाच अॅनोडायझिंग म्हणतात. विमानाच्या अंगाला गंज लागत नाही तो तिच्यामुळे. डोक्यावरून मिग गेलं की मला त्यानंतर इंजिनाच्या आवाजाआधी ही साय आठवायची.

काका निवृत्त होऊन शिरोड्याला गेले. काही वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मी त्यांच्याकडे गेले. ते मला मिठागरावर घेऊन गेले. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी सोडत कसं आटवतात ते दाखवलं. समुद्राच्या पाण्यात सगळे आयन एकत्र सुटे असतात. पाणी साधारण चौथाई उरलं की आधी जिप्सम तळाला बसतं. दहावा हिस्सा उरला की मीठ धरू लागतं. आणि सगळ्यात शेवटी जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार. कोण कुणाला किती धरून आहे आणि पाणी कुणाला किती धरून आहे, याचा निकाल ऊन लावतं. काकांनी बोटाने वरची साय बाजूला केली. खाली इवलेइवले चौकोन बसायला लागले होते.

तिथे उभी असताना मी त्यांना म्हटलं की त्या वर्षीच्या भाड्याचं मला काहीतरी करायचं आहे. अप्पांनी ते पैसे पुढे दोनदा द्यायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा काकांनी भाड्यात वळते झालेत म्हणून टोलवलं होतं. आता मी कमावते आहे, एवढं तरी घ्या.

काका वैतागले. "इलेक्ट्रॉनार काय नाव लिवलेला असता गो?"

मग मराठीत म्हणाले, की त्यांच्या बीएस्सीची फी मिठागरावरच्या मुकादमाने भरली होती. तो मुकादम कधीच गेला. त्याची फेड त्यांनी कुणाकडे करायची होती? सगळे इलेक्ट्रॉन एकसारखे. सोडियमकडून आला तो कुठला, हे क्लोरीनला सांगता येत नाही. आणि गरज तरी काय?

काका आता नाहीत. काकूंचं अळू आमच्या मागच्या अंगणात अजून फुटतं, खोल्यांत मजूर राहतात. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. बंधाच्या धड्याला मी फळ्यावर आधी ४९६ लिहिते, मग ३४९, आणि तोटा कशाने भरून निघतो ते विचारून तास संपवते. उत्तर सांगायची घाई करत नाही, मुलं जाम चिडतात. हंगाम असेल तर मणी आणि ब्लेडही नेते. दर वर्षी वर्गातलं कुणीतरी विचारतंच, "मॅडम, परीक्षेत काय लिहायचं?" परीक्षेत 'सोडियम इलेक्ट्रॉन देतो' असंच लिहा, म्हणते, मार्क त्यालाच आहेत. पण वजाबाकी मी प्रत्येकाकडून करून घेते. ती पाठ केलेली चालत नाही, ज्याची त्याने करावी लागते.